तोर्रेस देल पाइने: दिवसभराची चाल, तळ्याकाठचं जेवण आणि सॅकेत काय भरायचं

तोर्रेस देल पाइने या चिलीतल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की लोक आधी थंडीचे कपडे काढून बसतात. थंडी असतेच, पण तिथं माणसाला खरा दमवतो तो वारा. चिलीच्या या दक्षिण टोकाला डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, आणि वाराही नेमका याच दिवसांत चेकाळतो. ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जाणारे झोत ही तिथं बातमी नसते. म्हणून यादीत पहिलं नाव वारा आणि पाऊस दोन्ही अडवणाऱ्या जॅकेटचं. त्याला हूड हवंच आणि ते आवळायला दोरीही हवी, नाहीतर हूड डोक्यावर टिकत नाही. पोंचो आणि छत्री घरीच राहू द्या. सह्याद्रीतल्या पावसात पोंचोवर भागतं. इथं तो शिडासारखा फुगतो आणि आपल्यालाच वाटेवरून ढकलतो. कडेची टोपी नको, कान झाकणारी घट्ट टोपी आणि गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखी कापडी पट्टी घ्या. सॅकेचं पावसाळी कव्हरही वाऱ्यात उडून जातं, त्यामुळे सामान आतल्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलेलं बरं.

गाडीतून उतरताना दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, आणि गाडीची दोन दारं एकाच वेळी उघडायची नाहीत. भाड्याच्या गाड्यांची दारं इथं बिजागरीतून उलटी वळतात आणि तो खर्च गाडी घेणाऱ्याच्या माथी येतो. नोर्डेन्स्क्योल्ड तळ्यावर झोत येताना लांबूनच दिसतो: पाण्यावरून पांढऱ्या तुषारांचा एक पडदा उठतो आणि तो सरळ आपल्या दिशेनं पळत येतो. तो दिसला की काठ्या रोवून, पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून थांबायचं. या काठ्या, म्हणजे ट्रेकिंग पोल, घरून न्यायलाच हव्यात असं नाही. उद्यानाच्या वाटेवरच्या पुएर्तो नातालेस गावात त्या भाड्यानं मिळतात, जाड जॅकेटं आणि बूटही मिळतात. बूट मात्र स्वतःचे आणि आधी वापरून सैल झालेले हवेत. नव्या बुटांचे फोड औषधानं त्या दिवशी बरे होत नाहीत.

उन्हाचंही विसरू नका. वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, अंटार्क्टिकावरचं ओझोनचं विवर मोठं होतं आणि त्याची कड कधी कधी या भागापर्यंत येते. हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम आणि बाजूनं बंद असलेला गॉगल घ्या. गॉगल धुळीसाठीही लागतो.

बहुतेक सगळे जी चाल निवडतात ती तीन मनोऱ्यांच्या, म्हणजे उभ्या सुळक्यांच्या पायथ्याची. येऊन-जाऊन साधारण 20 किलोमीटर, आठ-नऊ तास. उंची 900 मीटरच्या आसपासच, त्यामुळे विरळ हवेच्या गोळ्या नकोत. पण शेवटचा सुमारे तासाभराचा चढ हिमनदीनं आणून टाकलेल्या मोठमोठ्या दगडांतून आहे, आणि तो येतो तेव्हा पाय आधीच थकलेले असतात. उतरताना गुडघे बोलायला लागतात ते इथेच. निघण्याआधी दोन-तीन महिने जिने चढा-उतरायची सवय लावा, त्यातही उतरायची जास्त. वर पोचल्यावर हिरवट दुधाळ पाण्याचं तळं आणि त्यामागं ग्रॅनाइटचे उभे सुळके. हा ग्रॅनाइट साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली जुन्या खडकात घुसला आणि गार झाला. शेजारच्या कुएर्नोस शिखरांच्या डोक्यावर जी काळी टोपी दिसते, ती त्याच जुन्या खडकाची. पाण्याचा दुधाळ रंग हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठामुळे येतो. असलं पाणी बाटलीत भरू नका, फिल्टरही त्यानं तुंबतो. स्वच्छ ओढ्याचं पाणी लोक पितात, पण अलीकडे गर्दी वाढली आहे. फिल्टर किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या ठेवलेल्या चांगल्या.

कपड्यांबद्दल माझं ठाम मत: सुती काहीही नको, आणि दोन पूर्ण जोड हवेत. एक चालायचा: अंगालगत घाम शोषून पटकन सुकणारा थर, वर फ्लीस, सगळ्यात वर ते जॅकेट. एका दिवसात ऊन, पाऊस, गारा हे सगळं आलटून-पालटून येतं, म्हणून जाड एका कपड्यापेक्षा पातळ तीन. दुसरा जोड चालून आल्यावरच्या तळ्याकाठच्या जेवणाचा. तो वेगळ्या बंद पिशवीत गाडीत राहू द्या: कोरडे मोजे, कोरडा बनियन, लोकरी स्वेटर, हलके बूट. दिवसभर चालून आलेलं अंग आतून ओलं असतं, आणि तळ्याकाठी बसलं की पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागतं. लोक समोरच्या जेवणापेक्षा हात चोळण्यात संध्याकाळ घालवतात. तेव्हा टेबलाशी जायच्या आधी कपडे बदला, फोटो नंतर.

वाटाड्या घेणार असाल तर (हिवाळ्यात डोंगरी वाटांवर तो सक्तीचाच आहे) बुकिंगच्या वेळीच दोन प्रश्न विचारा. किती वाजेपर्यंत वर पोचलो नाही तर तो परत फिरवतो? आणि एका वाटाड्यामागं माणसं किती? पहिल्याचं उत्तर 'बघू तिथं' असं आलं तर दुसरा शोधा. उद्यानाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं. ते फोनवर आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा, कारण आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते. नकाशाही आधीच उतरवून घ्या. प्रवासाच्या विम्यात डोंगरातून उचलून आणायचा खर्च बसतो का, तेही वाचून घ्या. आणि प्यूमा, म्हणजे डोंगरी सिंह, दिसलाच तर पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठं दिसत हळूहळू मागं सरकायचं.

खाण्याची पिशवी हा वेगळाच विषय. चिलीत शिरताना शेतीखात्याचे लोक सामान तपासतात. ताजी फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांवर त्यांचं बारीक लक्ष असतं. अर्जात 'आहे' असं लिहिलंत तर फार तर वस्तू जप्त होते. लपवलंत तर दंड. अर्जेंटिनातल्या एल कालाफातेहून बसनं येणाऱ्यांचीही सीमेवर हीच तपासणी होते, तेव्हा दुपारचं सफरचंद सीमेआधीच संपवा. वाटेवरचा खाऊ नातालेसमध्येच घ्या: चॉकलेट, बिस्किटं, चीज, पाव.

गॅसची शेगडी मात्र सॅकेत घालू नका. उद्यानात उघड्यावर आग पूर्ण बंद आहे, आणि शेगडी फक्त ठरवून दिलेल्या जागीच. 2005 मध्ये एका पर्यटकाची शेगडी कलंडली आणि सुमारे 15,000 हेक्टर जळलं. 2011च्या डिसेंबरात पुन्हा एका पर्यटकाच्याच हातून लागलेल्या आगीनं सुमारे 17,000 हेक्टर खाल्लं. या वाऱ्यात ठिणगी माणसाच्या हातात राहत नाही. वापरलेला टॉयलेट पेपरही जाळायचा किंवा पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. त्यासाठी झिपच्या दोन-तीन पिशव्या हव्यात.

म्हणूनच आगीवरचं तळ्याकाठचं जेवण उद्यानाच्या हद्दीबाहेर, एखाद्या एस्तान्सियावर, म्हणजे मेंढ्यांच्या मोठ्या वाडीवर होतं. उघड्यावर चटई टाकून बसण्याचं चित्र मनात असेल तर ते पुसा. बहुतेक वेळा किंचोत, म्हणजे छप्पर आणि काचा असलेल्या जेवणाच्या खोलीत बसवतात, आणि वारा पाहता ते शहाणपणाचंच आहे. लोखंडी क्रूसावर ताणलेलं अख्खं कोकरू लाकडाच्या निखाऱ्यांशेजारी उभं करून चार-पाच तास भाजतात. चरबी ठिबकत राहते, मध्येच कुणीतरी मिठाचं पाणी शिंपडतं. सोबत बटाटे, पाव आणि टोमॅटो-कांदा-कोथिंबीर-मिरचीचं पेब्रे. शाकाहारी असाल तर हे बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि नुसतं 'मांस नको' म्हणून थांबू नका. कोंबडी, मासे, हॅम यांची वेगवेगळी नावं घ्या, नाहीतर सॅलडमध्ये हॅमचे तुकडे येतील आणि वाढणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटणारही नाही. कालाफाते झुडपाच्या जांभळ्या फळांचा पिस्को सावर, म्हणजे द्राक्षांच्या दारूचं कॉकटेल, गोड लागतो पण चढतो. दिवसभर पाणी कमी प्यायलेलं असेल तर आधी पाणी प्या.

सार्मियेंतो तळ्याकाठी गेलात तर काठावरच्या पांढऱ्या खडबडीत दगडांवर चढू नका. ते सूक्ष्मजीवांनी घडवलेले थ्रॉम्बोलाइट आहेत.

डिसेंबरअखेर सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे जेवण उजेडातच उरकतं. मार्चअखेर तो आठलाच जातो, तेव्हा हेडटॉर्च हवाच. खिशात चिलीचे पेसो रोख असू द्या. हॉटेलांत बिलावर दहा टक्के बक्षिसी सुचवतात, वाटाड्याला आणि चालकाला वेगळी द्यावी. देशात शिरताना मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी पासपोर्टात जपा. ती दाखवून परदेशी कार्डावर डॉलरमध्ये पैसे भरले तर नोंदणीकृत हॉटेलं राहण्यावरचा 19 टक्के कर लावत नाहीत.

नातालेसला परतायला गाडीनं दोनेक तास लागतात, आणि अंधारात ग्वानाकोंचे, म्हणजे उंटाच्या कुळातल्या जंगली प्राण्यांचे कळप रस्त्यावर येतात म्हणून चालक हळू नेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंता अरेनासहून सुटणारं विमान घेऊ नका, तिथवर बसलाच तीन तास लागतात. दुपारनंतरचं घ्या.