डीएक्स७ चे आवाज नॉबने एडिट करायचेत?
इंदूरात कोणाच्या घरी १९८३ ला आलेला यामाहा डीएक्स७ सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) पडून असेल तर विकू नका हो, बटणं दाबून दाबून आवाज बदलायचा कंटाळा येतो ते खरंय पण नॉबवाला मिडी कंट्रोलर (मिडी केबलने सिंथला हुकूम पाठवणारा डबा) लावला की मजाच वेगळी! फक्त कंट्रोलर सिसेक्स (त्या-त्या कंपनीच्या यंत्रासाठीचे खास मिडी मेसेज) पाठवणारा घ्या, साध्या सीसीने (नेहमीच्या मिडी कंट्रोल मेसेजने) आवाजाचे हे पॅरामीटर, म्हणजे सेटिंग, हलत नाहीत. आधी सिंथच्या फंक्शन मोडमध्ये ‘सिस इन्फो’ हे सेटिंग ‘अव्हेलेबल’ करा, म्हणजे सिंथ सिसेक्स मेसेज घेईल. मग प्रत्येक नॉबला मेसेज द्या (आकडे हेक्स पद्धतीचे), चॅनल १ साठी सुरुवात एफ० ४३ १०, मग पॅरामीटरचे दोन बाइट, व्हॅल्यू आणि शेवटी एफ७. आउटपुट लेव्हलची रेंज ० ते ९९ च ठेवा, मिडीची नेहमीची १२७ पर्यंतची नको. पहिला नॉब मॉड्युलेटरच्या (दुसऱ्या ऑपरेटरचा आवाज बदलणाऱ्या ऑपरेटरच्या, म्हणजे सिंथमधल्या ध्वनी-जनकाच्या) लेव्हलला द्या, खरा रंग तिथेच बदलतो. आवाज आवडला की मेमरी प्रोटेक्ट (मेमरीवर लिहू न देणारं कुलूप) काढून लगेच सेव्ह करा.