पार्सलातली मिरची सडली तेव्हा

आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरजवळचे. इथल्या मिरचीला जीआय मानांकन (या भागाचं खास पीक अशी सरकारी नोंद) आहे, पण पुण्याच्या ताईला लाल तिखट नको, ताजी हिरवी मिरचीच पाहिजे होती. पहिल्यांदा दोन किलो धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून पाठवली. पाचव्या दिवशी तिचा फोन, "अरे, मिरची पाठवली का लोणचं?" निम्मी काळी, चिकट.

चूक माझीच. तोडल्यावरही मिरची श्वास घेते, ओलावा सोडते. तो पिशवीत कोंडला की बुरशी. आता दव सुकल्यावरच तोडतो. धुवायची नाही आणि देठ काढायचा नाही, कारण देठ तुटलेल्या जागेतून सड आत शिरते. मग रात्रभर घरात पसरवून एकेक निवडायची. चिरलेली एक राहिली तरी शेजारच्या चार नासवते. (खरं सांगायचं तर हे काम आई करते.) फ्रिजमधली तर पाठवूच नका, बाहेर येताच तिला घाम फुटतो. खोक्याला भोकं, आत वर्तमानपत्राचे थर, माल किलोभरच. पार्सल सोमवारी टाकतो, म्हणजे रविवार मध्ये येत नाही.

मागच्या खेपेला चारच मिरच्या फेकाव्या लागल्या. बाकीच्यांचा ताईनं ठेचा केला, भाऊजींनी पाणी पीत पीत संपवला.