आधार कार्डावरचा चेहरा घालवावा कसा

पंधरा वर्षांपूर्वी वडगावच्या एका विणकर आजोबांचा फोटो मी स्टुडिओत काढला. उजेड नेमका, फोकस डोळ्यांवर, खोट काढायला जागा नव्हती. मुलाने प्रिंट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "फोटो बाबांचाच हाय, पण बाबा ह्यात न्हाईत." पैसे देऊन गेला. ते वाक्य मला कित्येक महिने छळत होतं. फोटोत माणूस उतरावा म्हणून पुढे जे शिकलो, ते इथे सांगतो.

कॅमेरा, फ्लॅश, मागचा पडदा यांची तयारी झाली आहे असं धरून चालतो.

लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ एमएम, क्रॉप (लहान) सेन्सरवर ५०. अंतर पाच-सहा फूट. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर.

उजेडाला एकच सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, पुरतो: बाजूने ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा थोडा वर. सावली मऊ हवी तर दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट लावा; सुरकुत्या उठून दिसायला हव्यात तर ती काढून काळं कापड टांगा. पांढरी टोपी किंवा फेटा असेल तर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) त्यावरून ठरवा, पांढऱ्यातला तपशील एकदा उडाला की परत येत नाही. चष्म्यात फ्लॅश चमकत असेल तर सॉफ्टबॉक्स वर न्या आणि काड्या कानांवरून किंचित उचला. "जरा गोरं करा" असं गिऱ्हाईक हटकून म्हणतं. करू नका. उन्हात रापलेला रंग ही त्या माणसाची कमाई आहे.

स्टुडिओतला फेटा, प्लॅस्टिकची फुलं, हनुवटीखाली टेकवलेली मूठ हे सगळं बाजूला ठेवा. माणसाला त्याचेच कपडे घालून बोलवा आणि रोजच्या कामातली एक वस्तू आणायला सांगा. अथणीचा चप्पल करणारा कारागीर असेल तर कातडं कापायची रापी, निपाणीची विडी वळणारी मावशी असेल तर सूप. वस्तू शोभेला नको, हाताला ओळखीची हवी. हात मोकळे सोडले की ते गुडघ्यांवर ताठ जाऊन बसतात आणि मागोमाग मान, खांदे, जबडा सगळं आखडतं.

आता खरी अडचण. स्टुलावर बसताक्षणी माणूस आधार कार्डावरचा चेहरा करतो. मी वर्षानुवर्षं "हसा जरा", "मोकळे बसा" म्हणत राहिलो. हुकूम देऊन कोणी मोकळं होत नाही. मग कुठेतरी वाचून "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारू लागलो, तर माणसं आणखी गप्प झाली. हा सल्ला आजही सगळीकडे दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. अनोळखी माणसासमोर, फ्लॅशच्या उजेडात, मन कोण उघडं करेल?

कामाबद्दल विचारा, तेही बारीक. "धागा तुटला तर सांधता कसा?" "कातडं कमी-जास्त जाड निघालं तर काय करता?" मला हे खरंच माहीत नसतं, त्यामुळे नाटक करावं लागत नाही. माणूस दाखवायला लागतो, हात हलतात, खांदे उतरतात. बोला त्याच्या घरच्या भाषेत. माझं कन्नड बाजारापुरतंच आहे, पण घरी कन्नड बोलणारी आज्जी समोर असेल तर मी सुरुवात त्यातच करतो. आणि सोबत आलेल्यांना चहाला पाठवा. "बाबा, नीट बसा" हे एक वाक्य अर्ध्या तासाची मेहनत वाया घालवतं.

बटण मात्र बोलणं चालू असताना दाबू नका. तोंड वाकडं येतं, पापण्या अर्ध्यावर येतात. वाक्य संपू द्या. ओठ मिटतात, पण डोळे अजून त्या कामातच असतात. तो जेमतेम एक सेकंद तुमचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, रिमोट हातात आणि तुमचा चेहरा कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे समोरचा माणूस लेन्सकडे न बघता तुमच्याकडे बघतो. धडाधड फोटो काढू नका. फ्लॅश चार्ज व्हायच्या आतच तो सेकंद निघून जातो.

एक युक्ती मात्र टाळा. १९४१ साली कॅनडातल्या ओटावात छायाचित्रकार युसूफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि त्यांचा तो प्रसिद्ध करारी चेहरा टिपला. ते वाचून चिडवून भाव काढू पाहणारे मी पाहिलेत. चर्चिल ब्रिटनचे पंतप्रधान होते. आपल्याकडे येणारी माणसं आधीच संकोचलेली असतात, त्यांना डिवचणं हा अपमानच.

त्या आजोबांना दोन महिन्यांनी मी पुन्हा बोलावलं, पैसे न घेता. येताना धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी नळी, आणायला सांगितला. तो कसा धरायचा हे मला शिकवून झालं, ते थांबले, अंगठा धोट्याच्या टोकावर तसाच राहिला. मी बटण दाबलं.

रिटचिंगमध्ये पुटकुळी काढा, सुरकुती ठेवा. निवड स्वतः करू नका. दहा-बारा फोटो घरच्या माणसासमोर मांडा आणि तो कुठल्या फोटोवर बोलायचा थांबतो ते पाहा. तोच मॅट कागदावर छापा.