लहान मुलांना इंग्लिश व्हर्ब शिकवायचेत? आधी तो टेन्सचा तक्ता बाजूला ठेवा

माझ्या भाचीला शिकवायला बसले तेव्हा मी पण सगळे करतात तेच केलं, गो वेन्ट गॉन, ईट एट ईटन, व्ही वन व्ही टू व्ही थ्री पाढ्यासारखं म्हणून घ्यायचे आणि ती पण अगदी चालीत म्हणायची, पण काल काय केलंस विचारलं की उत्तर 'आय गो यस्टरडे'. तक्ता तोंडपाठ, वाक्यात मात्र शून्य. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'सिंपल प्रेझेंट टेन्स' हे नावसुद्धा सांगू नका, काही अडत नाही.

सुरुवात हुकूम सोडण्यापासून करा. जंप, सिट, क्लॅप, ओपन द डोअर. हुकमात व्हर्ब एकदम मूळ रूपात असतं, ना एस ना आय-एन-जी, त्यामुळे मुलाच्या कानावर आधी तेच पडतं. तुम्ही म्हणायचं, दोघांनी करायचं. पहिले आठ-दहा दिवस मूल काहीच बोललं नाही तरी चालेल, ऐकून बरोबर करतंय ना बस. मग पाळी बदला, त्याला हुकूम सोडू द्या, मोठ्या माणसाला उड्या मारायला लावण्यात पोरांना फारच मजा येते. (जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात याचीच अख्खी पद्धत बांधली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स नावाची.)

मग उडी मारता मारताच विचारा, व्हॉट आर यू डुइंग? आणि इथे मराठी मुलं हमखास 'आय जंपिंग' म्हणतात. का, तर आपण घरात 'मी उडी मारत आहे' कुठे म्हणतो, 'मारतेय' म्हणतो, तो 'आहे' आतच विरघळलेला असतो, मग ॲम वेगळा म्हणायचा हे मुलाला सुचणार कुठून. मी तीन कागद जमिनीवर ठेवले, आय, ॲम, जंपिंग, आणि प्रत्येकावर पाय ठेवत बोलायचं. मधला कागद गाळला की ढांग मोठी टाकावी लागते, तिचं तिलाच कळायचं काहीतरी राहिलं. 'आय इज' पण ऐकू येईल, कारण आपल्याकडे मी पण आहे आणि तो पण आहे. तिथे फक्त मधला कागद बदलायचा. वॉन्ट, लाइक, नो यांना आय-एन-जी लावत नाही एवढंच सांगा, कारण नको.

आता खरी डोकेदुखी, तो एस. मराठीत जातो, जाते, जातोस, जातात, माणूस बदलला की क्रियापद बदलतं, इंग्लिश त्या मानानं आळशी, ॲम-इज-आर सोडलं तर ही, शी, इट आले की एक एस चिकटतो आणि संपलं. मुलाला तसंच सांगा. एका चिठ्ठीवर मोठा एस काढा. 'शी रन' लिहून एस रनच्या शेपटीला लावला, शी रन्स. मग प्रश्न करायचा, डू शी रन? आणि आता तीच चिठ्ठी, दुसरी काढायची नाही, रनवरून उचलून डूच्या मागे लावायची, मध्ये एक ई घालायचा, झालं डझ. भाची एकदम ओरडली, "मावशी, डूनी एस चोरला!" त्यानंतर 'डझ शी रन्स' म्हटलं की मी फक्त विचारायचे, चिठ्ठ्या किती आहेत आपल्याकडे? 'शी डझ नॉट रन' ला पण हीच युक्ती. उच्चार तुमच्या तोंडून बरोबर आला की पुरे, जंप्स, रन्झ, वॉशिझ.

भूतकाळात स्पेलिंग दाखवायची घाई केली की मुलं 'जंप-एड' वाचायला लागतात, म्हणून आधी कानानी, जंप्ट, प्लेड, वॉन्टिड. आणि मग एक दिवस मूल 'आय गोड' म्हणेल, गोला सरळ ई-डी लावून. रागवू नका हो, उलट खूश व्हा, नियम डोक्यात शिरलाय त्याच्या! इंग्लिश मातृभाषा असलेली मुलं पण हेच करतात. १९५८ मध्ये जीन बर्को या भाषेच्या अभ्यासक बाईंनी लहान मुलांना 'रिक' असं बनावट क्रियापद दिलं आणि काल काय केलं विचारलं, तर बऱ्याच जणांनी कधीही न ऐकलेलं 'रिक्ट' स्वतःहून बनवलं. पंचाईत ही की बी, हॅव, डू, से, गो, कम, सी ही रोज लागणारी व्हर्ब्सच नेमकी नियमाबाहेरची. त्यामुळे 'चूक' न म्हणता बरोबर रूप परत त्याच्या कानावर टाका, "ओ, यू वेन्ट? व्हेअर डिड यू गो?" आणि 'डिड यू वेन्ट' आलं की चिठ्ठीची आठवण करून द्या, डिड पण चोरच आहे, भूतकाळ त्यानी आधीच पळवलाय.

एका वेळी एकच गोष्ट, दहा मिनिटं, मूल कंटाळायच्या आत थांबा. हॅव गॉन, हॅड गॉन वालं प्रकरण या वयात काढूच नका, गोष्टी वाचायला लागल्यावर समोर येईल तेव्हा बघता येईल.