नवा क्राउन-पिनियन बसवलाय? पहिलं तेल काढाच

बोलेरोवाले गिऱ्हाईक हमखास कुरकुरतं, "तेल नवंच आहे की, परत कशाला?" अहो, क्राउन-पिनियन म्हणजे मागची चाकं फिरवणारी गिअरची जोडी; तिचे नवे दात एकमेकांवर घासून बसतात तेव्हा लोखंडाचा बारीक चुरा सुटतो. ही जोडी ज्यात बसते त्या मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) इंजिनासारखा फिल्टर नसतो, त्यामुळे चुरा बेअरिंगमधूनच फिरत राहतो. ८०० किलोमीटर झाले की तेल काढा. सेटसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. तोवर जड माल नको. पहिल्या दिवशी पहाटे सायनहून ठाण्यापर्यंत सावकाश जा, मग अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. (दुपारच्या ट्रॅफिकमध्ये हे जमणार नाही.)

बदलताना आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा, तेल काढायचा. वरचा जाम निघाला तर तेल काढलेली गाडी घेऊन बसाल. तेल कोमट असलं की पटकन उतरतं. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप दिसेल, तो चालतो. बोटाला टोचणारा तुकडा निघाला तर मात्र गाडी चालवू नका, डिफरन्शियल उघडावंच लागेल. नवं तेल जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल, ग्रेड (तेलाचा जाडपणा) मॅन्युअलप्रमाणे. गाडी सपाट उभी करून वरच्या बोल्टच्या भोकाच्या काठापर्यंत भरा.