सीपॅप लावून झोपताना तोंडातून हवा सुटते? पट्ट्याआधी नाक बघा

सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली, घसा कोरडाठाक, उशीवर लाळेचा डाग आणि मशिन रात्रभर चालूनही दिवसा पेंग. सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशिन. त्याला नाकाचा मास्क लावणाऱ्या माणसाची ही तक्रार असेल, तर झोपेत तोंड उघडून हवा बाहेर पडते आहे असं समजावं. अशा वेळी बरेच जण लगेच हनुवटीचा पट्टा आणतात, नाहीतर ओठांवर टेप चिकटवतात. तोंड का उघडतं ते आधी पाहायला हवं. पुष्कळदा नाक चोंदलेलं असतं, म्हणून उघडतं.

नाकातून दाबाने आलेली हवा घसा उघडा धरते. तोंड उघडलं की तीच हवा टाळूमागून तोंडाकडे वळते, घशातला दाब उतरतो आणि घोरणं परत सुरू होतं. शिवाय नाकातून आत गेलेली ओली हवा उच्छ्वासाला नाकातून परत येत नाही. नाकाची आतली त्वचा सुकते, सुजते, वाट आणखी अरुंद होते आणि तोंड आणखी उघडतं. हे चक्र कुठेतरी तोडायचं आहे, आणि ते नाकापाशी तोडणं सगळ्यात सोपं.

आधी खात्री करा: गळती तोंडातून की मास्कमधून?

डोळ्यांत वारा लागतो, नाकाच्या कडेला फुरफुर होते, मास्कचे वळ उठतात, तर ती मास्कची गळती. तोंड कोरडं पडतं आणि घरच्यांना ओठांतून ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो, तर तोंडाची. एकटं झोपत असाल तर मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. मशिनमधली नोंदही बघा. रेसमेडच्या मशिनवर गळती मिनिटाला 24 लिटरच्या वर गेली की ती जास्त धरतात. दुसऱ्या कंपनीचं मशिन गळती वेगळ्या पद्धतीने मोजत असेल, त्याला हा आकडा लावू नका. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून जाणारी हवा ही गळती नाही. उच्छ्वास बाहेर जायला ती मुद्दाम ठेवलेली असतात, ती कधीही बुजवू नयेत.

मास्क बसवायचा तो आडवं होऊन, मशिन नेहमीच्या दाबावर आल्यावर. पट्टे थोडे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, मास्कच्या गादीत, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या मऊ कडेत, हवा भरू द्या आणि मग हळूच टेकवा. फार आवळला तर गादी दुमडते आणि गळती वाढते. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुवा. खोबरेल तेल किंवा क्रीम लावलेल्या चेहऱ्यावर सिलिकॉन घसरतं. भरघोस मिशी असेल तर वरच्या ओठाशी गादी नीट टेकत नाही. मिशी उतरवायला मन होत नसेल तर नाकपुड्यांत बसणारा मास्क वापरून पाहावा.

नाक मोकळं करणं

गळीत हंगामात कराड, वाळवा, पलूसकडे पाचटाचा धूर आणि काजळी, सांगलीच्या हळदीच्या पेठेत काम असेल तर हळदीची धूळ. मशिन हीच हवा ओढतं. मागचं फिल्टर काढून उजेडात धरा. पांढरं फिल्टर करडं झालं असेल तर बदला, ते धुवायचं नसतं. धुवायचं ते स्पंजाचं, आणि पूर्ण सुकवून बसवायचं. या दिवसांत दर पंधरवड्याला एकदा बघा.

झोपण्याच्या तासभर आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवा. खळखळ उकळून कोमट केलेलं 240 मिलिलिटर पाणी आणि त्यात साधारण 2 ग्रॅम मीठ. मेडिकलमध्ये याच्या तयार पुड्या मिळतात, त्यात प्रमाण चुकत नाही. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं, म्हणून रोजची सवय लावू नका. महिनोन्‌महिने एकच बाजू बंद राहत असेल तर नाकाचा पडदा वाकडा आहे का, आत मांस वाढलंय का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्या. मिरज, सातारा, कराडला ही सोय आहे.

मग ह्युमिडिफायर, म्हणजे मशिनची हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं. 1 ते 8 आकडे असलेल्या मशिनवर 4 पासून सुरुवात करा आणि दोन-दोन रात्रींनी एकेक वाढवा. उन्हाळ्यात जत, आटपाडी, माणकडच्या कोरड्या हवेत जास्त लागेल. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड ऐकू आली तर आकडा कमी करा किंवा नळी पांघरुणाच्या आतून घ्या. भांड्यात डिस्टिल्ड पाणी घाला आणि उरलेलं रोज सकाळी ओता. बोअरचं पाणी उकळलं तरी त्यातले क्षार जात नाहीत, तळाशी पांढरा थर बसतो.

जबडा आणि जीभ

नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर झोपेत जबडा सैल पडतो आहे. उशीखाली वाकळेची घडी घातलेली असेल तर ती काढा. उंच उशीवर मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते आणि श्वासमार्ग आवळला जातो. कुशीवर झोपा. उताणं झोपल्यावर जबडा मागे पडतो.

जिभेलाही वळण लावता येतं. ‘न’ म्हणा आणि जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलं की तिथेच राहू द्या. आता मागची सगळी जीभ टाळूला चिकटवून आवंढा गिळा. जीभ ओढली गेल्यासारखी वाटेल. अशी बंद जीभ हवेला तोंडात येऊ देत नाही, ओठ जरासे उघडे राहिले तरीही. संध्याकाळी जागेपणी मास्क लावून, मशिन चालू करून रोज पाच मिनिटं हा सराव करा. झोपेत सवय उतरायला काही आठवडे लागतात, पण ज्यांना जमतं त्यांना पट्टा लागत नाही.

पट्टा घ्यायचाच असेल तर त्याची ओढ हनुवटीखालून थेट डोक्याच्या माथ्याकडे हवी. मानेमागे ओढणारा पट्टा जबडा मागे ढकलतो आणि घसा अरुंद करतो. दात एकमेकांना हलके टेकतील इतकाच ताण ठेवा. काहींना फोमची मऊ गळपट्टी अधिक सोसते, कारण ती हनुवटी खाली पडू देत नाही. कवळी काढून झोपत असाल तर ओठ आत जातात आणि गळती वाढते. रात्री ती ठेवावी का, हे दंतवैद्याला विचारा.

टेपबद्दल स्पष्ट सांगायचं तर

नाकाच्या मास्कसोबत ओठ पूर्ण चिकटवून झोपू नका. वीज गेली की मशिन थांबतं. पूर्ण चेहऱ्याच्या, म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, नाकाच्या मास्कमध्ये ती नसते. तेव्हा तोंड हीच सुटकेची वाट असते, आणि गावाकडे रात्री वीज जाणं नवं नाही. उलटी, पित्त वर येणं, दारू, झोपेची गोळी, सर्दी यांपैकी काहीही असेल तर धोका आणखी वाढतो. इन्व्हर्टर असला तरी टेपची पळवाट शोधू नये.

एवढं करूनही थांबलं नाही तर

एका वेळी एकच बदल करा आणि तीन रात्री बघा. गळतीचा आकडा, तोंडाचा कोरडेपणा आणि दिवसाची पेंग वहीत लिहा. ही वही डॉक्टरांना दाखवा. दाब गरजेपेक्षा जास्त असला तरी ओठ उघडले जातात, पोटात हवा भरते. तो कमी करायचा की फक्त श्वास सोडताना थोडा उतरेल अशी सवलत द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं. दाबाचं सेटिंग स्वतः बदलू नका.

नाकाची वाट कायम अरुंदच राहत असेल तर पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्या, त्यात कमीपणा नाही. मास्क बदलला की मशिनमध्येही मास्कचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर गळतीचा हिशेब चुकतो. काही जणांना त्यानंतर वेगळा दाब लागतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांकडे घेऊन जा.