गृहसंकुलात पाणी-वीज वाचवताय? या चुका टाळा

पाणी-वीज वाचवायचं ठरलं की सर्वांत आधी लिफ्टमध्ये कागद चिकटतो: 'पाणी जपून वापरा.' पंधरा दिवसांत तो कोणाला दिसेनासा होतो आणि बिल जागचं हलत नाही.

कारण मोजमाप आधी झालेलंच नसतं. एकाच मुख्य मीटरवर घरांचा वापर, बाग आणि गळती यांची सरमिसळ होते. निदान प्रत्येक इमारतीच्या वरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपवर मीटर बसवा आणि रात्री 2 व पहाटे 4 चं रीडिंग घ्या. सगळे झोपलेले असताना आकडा भराभर पुढे जात असेल, तर त्यात गळतीच जास्त.

चोर बहुधा फ्लश टँक निघतो, तोही मुका. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बदला. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळसुद्धा दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी घालवतो.

पाणी एकाकडे, वीज दुसऱ्याकडे अशी कामाची वाटणीही महागात पडते. 1,000 लिटर पाणी 30 मीटर चढवायला, पंपसंच निम्म्या कार्यक्षमतेचा धरला, तर सुमारे 0.16 युनिट लागतं. म्हणजे वरची टाकी वाहिली की वीजही वाहते. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच अडकलाय का, हे आधी बघा.

खालच्या मजल्यांवर नळ फवाऱ्यासारखा येतो? टाकीपासून खाली येताना दर 10 मीटरमागे साधारण 1 बार दाब वाढतो. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. लोकांनी एरेटर, म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या जाळ्या, काढून फेकले असतील तर त्यांना दोष देऊ नका; जाळीत क्षार अडकलेले असतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं की ती मोकळी होते.

विक्रेता प्रत्येक पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, सुचवेल. वेग 20 टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी, हे त्याचं गणित पोहण्याच्या तलावाच्या फिल्टर पंपाला लागू पडतं, कारण तिथे पाणी नुसतं फिरवायचं असतं. टाकीत चढवणाऱ्या पंपाला उंची गाठावीच लागते. तिथे हा खर्च सहसा निघत नाही.

जिन्यातल्या दिव्यांना सेन्सर लावा. तेवढं काम एका सुट्टीत उरकतं.